जे गाणं कधी रेकॉर्डच झालं नाही, त्याच्या रॉयल्टीपायी

आधी आकडे सांगून टाकतो, कारण तिथेच जीभ सगळ्यात जड होते. ४,७२० रुपये ‘नोंदणी’चे. ३८,९४० ‘कॅटलॉग पडताळणी’चे. १,२४,६०० ‘टीडीएस’चे. एकूण १,६८,२६० रुपये माझ्या खात्यातून, माझ्याच हाताने गेले. वर आमच्या ड्रमरच्या बायकोचे १५,००० माझ्या शब्दावर गेले. ते गेलेले जास्त लागतात.

‘तुमची अडकलेली रॉयल्टी काढून देतो’ म्हणत आधी फी उकळायची, हा फसवणुकीचा प्रकार बहुतेकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरी फसलो, आणि का फसलो ते सांगायलाच हवं, कारण ‘हावरटपणा नडला’ असं म्हणणारे नातेवाईक मला घरातच भेटले. हाव नव्हती. १९८४ साली आम्ही पाच जणांनी रॉक बँड काढला. इंडिपेंडन्स रॉक हा मुंबईतला रॉक महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला, त्याच्याही आधीपासून आम्ही कॉलेजांच्या हॉलमध्ये वाजवत होतो. लोकांना परदेशी गाणी हवी असायची, आम्ही मध्येच आपलं एखादं घुसवायचो. १९९१ ला कॅसेट निघाली. कंपनीने एकरकमी २०,००० दिले, प्रत्येकाच्या वाट्याला ४,००० आले. त्यानंतर आजवर एक पैसा नाही. आता तीच गाणी मोबाइलवर वाजतात. अशा माणसाला कुणी म्हणालं की ‘सर, तुमचे पैसे पडून आहेत’, तर त्याला ते बक्षीस वाटत नाही, जुनं येणं वाटतं.

आणि ज्याने मला फोन करून फसवलं, त्या माणसाने कायदा बरोबर सांगितला. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, तो फक्त कायदेशीर वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. हे खरं आहे. एक खरी गोष्ट पुढे ठेवली की तिच्या मागून दहा खोट्या आत येतात.

फोन आला तो माझी एक मुलाखत आल्यावर पंधरा दिवसांनी. दीड तास कॅमेऱ्यासमोर बसून मी सगळी कारकीर्द सांगितली होती. धोबीतलावचं रंगभवन, उघड्यावरचा तो मंच, शांतता क्षेत्रामुळे तिथले कार्यक्रम बंद झाले तेव्हाची हळहळ, एकेका गाण्याचा किस्सा. त्याने ती मुलाखत नीट ऐकली होती. मला वाटलं, चाहता आहे.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. चौदा ओळींचं पत्रक त्याने पाठवलं. गाण्याचं नाव, किती वेळा वाजलं, किती पैसे जमा. नवव्या ओळीवर एक गाणं होतं जे आम्ही कधीच रेकॉर्ड केलं नाही. स्टुडिओच्या शिफ्टचे पैसे संपले म्हणून ते कॅसेटमधून वगळलं होतं. स्टेजवर तीनदा वाजवलं, बस. त्याची सुरुवात नुसत्या ड्रमची होती, पूर्ण सोळा मात्रा, आणि ती बसवणारा माझा मित्र जाऊन सहा वर्षं झाली. त्या गाण्यापुढे ८६,४०० रुपये लिहिले होते. मी ती ओळ वाचली. परत वाचली. आणि काय केलं? मनाशी म्हटलं, गर्दीत कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन बसला असेल, त्याने जपून ठेवलं असेल, चढवलं असेल. त्या क्षणी फोन ठेवायला हवा होता. त्याला ते नाव माझ्याच तोंडून मुलाखतीत मिळालं होतं, एवढं साधं गणित मला सुटलं नाही, कारण मला ते गाणं कुठेतरी जिवंत असायला हवं होतं. त्याच संध्याकाळी मी त्या ड्रमर मित्राच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, फोन करून सांगितलं की ते गाणं सापडलं. त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी ‘वारस नोंदणी’चे १५,००० त्यांनी भरले.

टीडीएसचं तर मला माफच नाही. आयुष्यभर जिंगल्स वाजवल्या, टीडीएस कापूनच चेक यायचा. टीडीएस पैसे देणारा कापतो आणि घेणाऱ्याच्या पॅनवर भरतो, घेणारा कधीही आधी भरत नाही. हे मला माहीत होतं. ‘१२,४६,००० चे दहा टक्के’ म्हणून १,२४,६०० मागितले, मी हिशोब तपासला, बरोबर निघाला, आणि भरले. हिशोब तपासला, मागणी नाही तपासली.

पावतीवर जीएसटी क्रमांक होता. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. मी नंतर तपासला, असा क्रमांकच नव्हता. गाण्यांचे आयएसआरसी कोडही होते, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचे ओळख क्रमांक, ते बारा अक्षरी असतात. त्याचे अकराच. मोजा. लाजू नका, मोजा.

पैसे शुक्रवारी संध्याकाळी गेले, शनिवारी फोन बंद. मी मंगळवारी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, कळवलं. मधले तीन दिवस लाजेत घालवले. तासाभरात कळवलं असतं तर समोरच्या खात्यात रक्कम रोखता आली असती. तोवर पैसे तिसऱ्या खात्यातून पुढे गेले होते. लाज नंतर वाटू द्या, आधी १९३०.

पोलीस ठाण्यात पाच खेपा घातल्या. पहिल्यांदा सांगितलं, ही आमची हद्द नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद करावी लागते, हे मी कलम १७३ दाखवून सांगितलं, तेव्हा ‘तुम्ही वकील का?’ असं विचारलं. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा एकाने अर्ज वाचला आणि म्हणाला, ‘रॉक म्हणजे डीजे ना? त्याची कसली रॉयल्टी?’ चाळीस वर्षं! चौथ्यांदा अर्ज हरवलेला. पाचव्यांदा नवीन अर्ज, नवीन झेरॉक्स, आणि ‘कळवू’. अजून कळवलेलं नाही. बँकेने दोन ओळींत हात झटकले: ओटीपी तुम्ही टाकलात, व्यवहार तुम्ही केलात. मी कधी नाही म्हटलं? पैसे गेले त्या खात्याचं केवायसी कुणी तपासलं, एवढंच विचारत होतो. तीस दिवस थांबून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. बँकेला लेखीच द्या आणि पोच घ्या, नाहीतर पुढे काही चालत नाही.

खरी कॉपीराइट सोसायटी सभासद करताना तुमच्याकडून अर्ज भरून घेते, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर ‘टॅक्स’ मागत नाही. जुना करार शोधून काढा, त्यात काय लिहून दिलंय ते आधी वाचा. मुलाखतीत गाण्यांची नावं सांगितलीत तर पुढचा महिना अनोळखी फोनपासून जपा.

वहिनींना मी खरं सांगायला पाच आठवडे घेतले. १९८९ पासूनचा अॅम्प्लिफायर विकून त्यांचे १५,००० परत केले. त्या घेत नव्हत्या, टेबलावर ठेवून आलो. त्यांनी एकच विचारलं, ‘म्हणजे ते गाणं नाहीच का कुठे?’ मी नाही म्हटलं.

परवा आमच्या कीबोर्डवाल्याचा फोन आला. त्याला तेच पत्रक आलंय, नवव्या ओळीसकट. त्याने अजून काही भरलेलं नाही.