रक्ताच्या रिपोर्टवर रिसेप्टर ‘शून्य’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

एक लाख चौदा हजार नऊशे रुपये गेले. पण त्याहून जास्त संताप याचा, की तेवढा काळ ताईचं खरं औषध बंद राहिलं.

ताईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत गेलेला, मणक्यात आणि खुब्यात. बायोप्सीत ईआर 8 पैकी 8, पीआर 5 (हे दोन्ही पेशीतले हार्मोन पकडणारे रिसेप्टर), आणि पेशींची वाढ करणारं हर-टू प्रथिन निगेटिव्ह. डॉक्टरांनी लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी रोज आणि पाल्बोसिक्लिब हे कॅन्सरपेशींची वाढ रोखणारं औषध 21 दिवस घेऊन 7 दिवस खंड, असं सुरू केलं. रिसेप्टर इतके भरपूर असले की हार्मोनच्या गोळ्या लागू पडायची शक्यता चांगली असते, किमो लांबवता येते, हे त्यांनी समजावलं होतं. आणि लागू पडतही होत्या. खुब्याचं दुखणं कमी होऊन ती जिना चढायला लागली होती. त्रास होता तो बोटांचा. सकाळी बोटं अशी आखडायची की कुकरचं झाकण लावता येईना. पांढऱ्या पेशी उतरल्या की पाल्बोसिक्लिब पुढे ढकलावं लागायचं. ज्या माणसाने आम्हाला फसवलं, त्याने नेमका हाच त्रास धरला.

सांगलीत एका मंगल कार्यालयात ‘रिसेप्टर मुक्ती शिबिर’ होतं. पुढचं तुम्ही ओळखालच: बऱ्या झालेल्या बायकांची रांग, नात्यातल्याच कुणाचा तरी दाखला, आजच नाव नोंदवा. केस फी 2,100. चूर्णाचे दोन कोर्स, प्रत्येकी 38,500. रिसेप्टर म्हणजे कॅन्सरचं उघडं तोंड, डॉक्टर ते तसंच ठेवतात, आम्ही ते बंद करतो, असं सांगून त्याने लेट्रोझोल थांबवायला लावलं. जो कोणी चालू गोळी बंद करायला सांगेल त्याच्यासमोरून तिथेच उठा.

दुसऱ्या कोर्सनंतर ‘रिसेप्टर रिपोर्ट’चे 11,800 घेतले आणि ताईच्या दंडातून रक्त काढलं. दोन दिवसांत रिपोर्ट आला: ईआर 0, पीआर 0. वर ‘अभिनंदन’ असा शिक्का. आम्ही पेढे वाटले. आणि वर ‘लॉक कोर्स’साठी 24,000 मोजले.

तो कागद माझ्या हातात होता. ‘नमुना’ या रकान्यात ‘सीरम’, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, असं स्पष्ट छापलेलं होतं. ईआर-पीआर हे गाठीच्या पेशींच्या केंद्रकात असतात. गाठीच्या तुकड्याला रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहतो तेव्हा तो आकडा येतो. ताईच्या गाठीत सुई टोचली होती? नाहीच. तिचा मूळ रिपोर्ट त्याच फाइलमध्ये, वर ब्लॉक नंबर, म्हणजे जपून ठेवलेल्या तुकड्याचा क्रमांक, खाली डॉक्टरची सही. या कागदावर दोन्ही नाही. आणि समजा आकडा खरा असता, तरी शून्य म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा रस्ताच बंद. ती वाईट बातमी, आणि आम्हाला ती आनंदाची म्हणून विकली!

आम्ही अडाणी नाही. ताई शाळेत शिक्षिका होती. ईआर बनवणाऱ्या ईएसआर1 जनुकातला बदल रक्तातून तपासतात, हे मी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. पण त्या चाचणीतून गोळ्या चुकवायला शिकलेल्या पेशींचा माग लागतो. रिसेप्टरचा आकडा त्यात येत नाही. हा फरक घरच्या माणसाला कुणी सांगत नाही आणि हे लोक तेवढ्याच फटीतून आत शिरतात.

खुबा पुन्हा दुखायला लागला. स्कॅनमध्ये यकृतावर नवे डाग. तिथली बायोप्सी केली तर ईआर 7! म्हणजे रिसेप्टर कुठेही गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, औषध चालू असताना आजार वाढला नव्हता, बंद केल्यावर वाढला, म्हणून तीच औषधं पुन्हा देऊन बघू. काही जणींचे रिसेप्टर पुढे खरोखर बदलतात, पण ते ठरवायला तुकडाच लागतो. सांधेदुखीसाठीही गोळी बदलून देता येते. विचारा, गप्प बसू नका.

पोलीस ठाण्यात ऐकलं, “पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, मॅडम.” औषध खात्यात डबे नेले तर, लेबलच नाही, लायसन्स नंबर नाही, मग आम्ही कोणावर कारवाई करायची? अहो, लेबल नाही हाच तर गुन्हा! तिथून पालिकेच्या आरोग्य विभागात, तिथून परत पोलिसांकडे. कॅन्सरवर उपचाराची जाहिरात करायला 1954 च्या जादुई उपायांच्या कायद्याने बंदी आहे. पत्रक समोर ठेवलं तर साहेब म्हणतात, यात ‘बरा करतो’ असं कुठे लिहिलंय? कायद्यात नुसतं बरं करणं नाही, निदान आणि उपचारही आहेत, हे मी त्यांना वाचून दाखवायचं? दाजी बाहेर बाकावर बसून रडले, आणि आत आमचा अर्ज साधा आवकलाही घेईनात.

बिल मागा. आम्ही रोख दिले, म्हणून हातात पुरावा नाही. दिलेच तर खात्यातून द्या. डबे फेकू नका.

परवा कोल्हापूरहून एका मावशींनी तेच पत्रक पाठवलं. शिबिराचं नाव बदललंय, फोन नंबर नवा, मजकूर तोच. तुमच्याकडे आलं तर फाडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, छापखान्याचं नाव मागे बारीक अक्षरात असतं.