खडा खरा, भाव खोटा

बँकॉकचा राजवाडा 'आज बंद आहे' असं सांगायला रस्त्यावरचा कोणीही माणूस आला, तर त्याला उत्तरसुद्धा न देता पुढे चालू लागायचं. हे आधीच लिहून टाकते. खालचं सगळं वाचायला वेळ नसला तरी एवढं वाचलेलं असावं.

थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केल्यापासून आपल्या जळगाव-धुळ्याकडून तिकडे जाणारे खूप वाढले आहेत. आई अमळनेरची, शाळेतून निवृत्त झालेली; मी जळगावला नोकरी करते. टूरबरोबर न जाता दोघींनीच जायचं हा हट्ट आईचा. टूरवाले देवळाला अर्धा तास देतात आणि दुकानांना अर्धा दिवस, असं तिचं म्हणणं. (आता हसून घ्या.)

सनम चाय स्टेशनला मेट्रोतून उतरलं की राजवाडा जवळच आहे. पहिल्या रामा राजाने 1782 मध्ये बांधायला घेतलेला हा वाडा, त्याच्या तटाचा घेरच सुमारे 1,900 मीटर. पर्यटकांना आत सोडणारा दरवाजा मात्र ना फ्रा लान रस्त्यावर, म्हणजे पार दुसऱ्या अंगाला. मेट्रोकडून चालत आलं की आधी पांढरी लांबच लांब भिंत लागते आणि तिच्यातले बंद दरवाजे. तो माणूस नेमका तिथे उभा असतो. 'बंद आहे' म्हणतो आणि समोर दार खरंच बंद दिसतं. खोट्याला आणखी काय पुरावा लागतो?

आम्हाला भेटला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. सकाळी स्थानिक लोकांची पूजा आहे, परदेशी पाहुण्यांना दुपारी एकनंतर सोडतील, म्हणाला. पैसे मागितले नाहीत. आमच्याच नकाशावर पेनाने गोल करून दिले, हे देऊळ बघा, ते बघा, आणि जाता जाता या सरकारी दुकानात डोकावा, वर्षातून एकदाच कर माफ असतो, आज शेवटचा दिवस. रिक्षावाल्यालाही त्यानेच हाक मारली. तीन ठिकाणं फिरवून परत आणायचे फक्त 40 बाट.

बसल्यावर आई हळूच म्हणाली, "हाऊ इतला गोड काबर बोली ऱ्हायना व?" तिला वास आला होता. पण रिक्षावाला गप्प आणि सभ्य, आणि पहिलं देऊळ खरोखरच बघण्यासारखं निघालं. वाट इंथरविहान, बत्तीस मीटर उंच उभा बुद्ध, सोनेरी. त्या पायांशी उभं राहून वर बघताना कोण कशाला संशय घेत बसेल!

तिथे दुसरा माणूस भेटला. हात जोडून बसलेला, आपण होऊन बोललाच नाही. आईनेच फोटो काढायला सांगितला. मग गप्पा निघाल्या. सिंगापूरला नोकरी, सुटीला घरी आलोय. बोलता बोलता म्हणाला, आज दुपारी खडे घ्यायला जायचंय, दरवर्षी दोन-तीन नेतो, तिकडे विकले की विमानाचं भाडं सुटतं. आणि दुकानाचं नाव सांगितलं. तेच नाव, जे नकाशावर होतं. तुम्ही कुठल्या, असं त्याने विचारल्यावर आईने मोठ्या कौतुकाने सांगितलं की आमचं गाव सोन्यासाठी प्रसिद्ध आहे, लांबलांबचे लोक लग्नाचं सोनं घ्यायला जळगावला येतात.

दुकानात शिरलो, थंडगार एसी, हातात सरबत, आणि काउंटरवरचा माणूस पाचव्या मिनिटाला म्हणाला, "तुमच्या शहरात तर मोठा सराफ बाजार आहे ना?" मी त्याला गावाचं नावही सांगितलं नव्हतं. तेव्हा वाटलं, आईने सांगितलं असेल. आईला वाटलं, मी. रात्री हॉटेलात बोलताना कळलं, दोघींपैकी कोणीच नाही.

नीलम त्याने पांढऱ्या कागदावर ठेवला, चिमट्याने उचलून दिव्याखाली फिरवला, मग माझ्या तळहातावर. दिव्याखाली निळा, दिव्यातून बाहेर काढला की जवळजवळ काळा. आई म्हणाली, नीलम असा घेत नसतात. शनीचा खडा, आधी चार दिवस उशाशी ठेवून बघतात, लाभतो की बाधतो ते. मी त्याला हे इंग्रजीत सांगितलं तर तो हसून म्हणाला, आईंना घालायचा कुठे आहे, त्यांच्या सराफाला विकायचा आहे. इथे 36,000 बाट, तुमच्याकडे दुप्पट.

आम्हाला स्वस्तातला दागिना दाखवला असता तर आई उठून आली असती, तिला आयुष्यभराची सवय आहे. दाखवलं काय, तर आमच्याच गावातलं गिऱ्हाईक. आणि सोन्याच्या गावात वाढलेल्या माणसाला वाटतं, मोलाची वस्तू म्हटली की तिला कुठेही एकच भाव. सोन्याचा तसा असतोही. रोज सकाळी दर निघतो, हॉलमार्क बघायचा, वजन करायचं, संपलं. खड्याचा कसला दर! त्याचा रंग, पाणी, पैलू, आतले डाग बघून जाणकार सांगेल तो भाव, आणि इथे जाणकार म्हणजे विकणाराच.

कार्डावर पैसे गेले, आपले नव्वद हजारांच्या वर. पाकीट आम्ही पोस्टाने घरी पाठवतो, कस्टमचा त्रास नको, असंही तो म्हणत होता. त्यावर आई एकदम शाळेतल्या आवाजात: माझी वस्तू माझ्या पर्समध्ये. ते बरं झालं. दुपारी परत येईपर्यंत साडेतीन वाजून गेले होते, राजवाडा आता खराखुरा बंद झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं विमान.

जळगावला आमच्या नेहमीच्या सराफकाकांनी भिंग लावलं, काही बोलले नाहीत, खड्यांचं काम करणाऱ्या एकाला बोलावून घेतलं. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: "ताई, खडा खोटा नाही. भाव खोटा आहे." नीलम अस्सल, जमिनीतून निघालेला, भट्टीत तापवून रंग खुलवलेला. ही तापवायची कारागिरी थायलंडच्या चंथाबुरी भागात जुनी आहे, आणि ती सांगून केली तर त्यात लबाडी नाही. फक्त इतका गडद, शाईसारखा खडा कोणालाच नको असतो. सात-आठ हजार आले तर घ्या, म्हणाला.

सगळी मेख इथे आहे. दुकानाने दिलेलं प्रमाणपत्र शब्दन् शब्द खरं होतं: नैसर्गिक नीलम, वजन इतके कॅरट, रंग निळा. किमतीचा त्यात उल्लेखच नसतो. काच दिली असती तर तक्रार सोपी झाली असती. बँकेत गेले तर तिथल्या बाईंचं उत्तर असं, की पिन तुम्ही टाकला, वस्तू तुम्हाला मिळाली, ती अस्सल आहे, मग फसवणूक कसली? त्या बाईंचंही चुकत नव्हतं, पण त्या क्षणी मला फार राग आला.

नातेवाईकांचं 'एवढं शिकून कसं कळलं नाही' सुरू झालं. त्यांना मी विचारते, चार वेगवेगळी, एकमेकांना ओळखत नसतील असं वाटणारी माणसं तुम्हाला एकच गोष्ट सांगतील तर तुम्ही काय कराल? पांढरा शर्ट, रिक्षावाला, देवळातला भक्त, दुकानदार. एकट्याचं कोणाचंही आपण ऐकलं नसतं. रिक्षावाल्याला गिऱ्हाईक दुकानात नेल्याबद्दल पेट्रोलची कुपनं मिळतात, म्हणून 40 बाटात तो दिवसभर फिरवू शकतो, हे मला नंतर कळलं.

राजवाडा रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. आमच्या वेळी परदेशी माणसाला तिकीट 500 बाट होतं. राजघराण्याचा समारंभ असला की एखाद्या दिवशी बंद ठेवतात, पण ते त्यांच्या वेबसाइटवर आधी जाहीर होतं. तेव्हा तटाला वळसा घालून ना फ्रा लानच्या दारापर्यंत स्वतः जायचं, गुडघे-खांदे झाकलेले हवेत, आणि बंद असेल तर ते गणवेशातल्या पहारेकऱ्याने सांगू दे. असं काही घडलंच तर बिल घेऊन तिथे असतानाच पर्यटक पोलिसांना 1155 वर फोन करा. आपण जळगावला पोचल्यावर दुकान आपल्याला ओळखत नाही.

आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची परदेशातली मर्यादा आपल्याला ठरवता येते. जेवणखाण नि हॉटेलापुरती ठेवा, बाकी बंद. वाढवायची झाली तर ओटीपी वगैरे करत पाच मिनिटं जातात, तेवढ्यात आईला काय वाटतंय ते विचारून होतं.