सोसुसव्ले आणि इटोशा झाल्यावर: ल्यूडरित्झ, डामारालँड की एपुपा?

नामिबियाचे पहिले आठ दिवस आपोआप भरतात. विंडहूकला उतरायचं, सोसुसव्लेच्या तांबड्या वाळूवर एक पहाट काढायची, डेडव्लेतल्या शेकडो वर्षांपूर्वी वाळून काळ्या पडलेल्या झाडांपाशी उभं राहायचं, स्वाकोपमुंडला समुद्र बघायचा आणि इटोशा राष्ट्रीय उद्यानातल्या पाणवठ्यांवर गाडी थांबवून जनावरांची वाट पाहायची. यातलं काही गाळा असं मी कुणाला सांगणार नाही. या जागा प्रसिद्ध आहेत त्या उगाच नाहीत.

अडचण त्यानंतर येते. हातात अजून चार-पाच दिवस असतात आणि नकाशावर जिकडे बघावं तिकडे मोकळी जागा. ८ लाख २४ हजार चौरस किलोमीटरचा देश आणि माणसं जेमतेम ३० लाख. कमी लोक जातात अशा तीन दिशा तेव्हा खुणावू लागतात: दक्षिणेला आउस आणि ल्यूडरित्झ, मधल्या पट्ट्यात ब्रँडबर्ग ते ट्वायफलफॉन्टेनचा डामारालँड, आणि वायव्येला अंगोलाच्या सीमेवरचा एपुपा धबधबा. तिन्ही एका फेरीत बसवायचा मोह होतो. बसत नाहीत. ल्यूडरित्झ आणि एपुपा देशाच्या दोन टोकांना आहेत आणि मध्ये खडीचे रस्ते आहेत. तिन्हींच्या मागे लागलात तर गाडीची काच तेवढी नीट बघून होईल.

दक्षिण: वाळूत बुडालेलं गाव आणि बंद दारं

सोसुसव्लेहून दक्षिणेकडे निघालात तर साडेतीनशेएक किलोमीटरवर आउस लागतं. तिथून ल्यूडरित्झपर्यंत सव्वाशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे. वाटेत आउसपासून वीसेक किलोमीटरवर गारुब नावाचा पाणवठा आहे. मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक शेड दिसते. तिच्या सावलीत बसायचं आणि वाट पाहायची. घोडे येतात. पाळलेले नाहीत, कुणाच्या मालकीचे नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी घोड्यांचे आणि त्या भागातल्या जर्मन पैदास केंद्रातल्या घोड्यांचे हे वंशज मानले जातात. शंभर वर्षं ते या ओसाड माळावर तगून आहेत. दुष्काळ आणि तरस यांनी त्यांची संख्या फार घटवली आहे, म्हणून जवळ जाऊ नका, खायला घालू नका. सिंह-हत्ती बघून आलेल्या माणसाला घोडा बघायला थांबणं विचित्र वाटेल, पण तासभर थांबाच.

पुढे ल्यूडरित्झच्या दहा किलोमीटर अलीकडे कोल्मनस्कोप. १९०८ साली रेल्वेच्या रुळांवरची वाळू उपसताना झकारियस लेवाला या कामगाराला एक चमकणारा खडा सापडला. त्याने तो आपल्या वरिष्ठाकडे, आउगुस्ट श्टाउखकडे दिला. तो हिरा निघाला. श्टाउख श्रीमंत झाला, लेवालाच्या वाट्याला काही आलं नाही. वाळवंटाच्या मधोमध इस्पितळ, बर्फाचा कारखाना, नाटकं आणि मेजवान्यांसाठी सभागृह असं गाव उभं राहिलं. इस्पितळात क्ष-किरण यंत्रसुद्धा होतं, कारण कामगार हिरे गिळून नेतील अशी मालकांना धास्ती होती. पुढे दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाशी जास्त मोठे साठे सापडले, लोक तिकडे गेले आणि १९५६ पर्यंत गाव पूर्ण रिकामं झालं. आता खोल्यांमध्ये वाळू कंबरेएवढी चढली आहे, दारं अर्धवट उघडी अडकून बसली आहेत. गाव दुपारपर्यंतच खुलं असतं आणि मार्गदर्शकासोबतची फेरी सकाळी असते. ती फेरी टाळून नुसते फोटो काढत फिरलात तर भिंतींचे रंग तेवढे घरी याल घेऊन.

मात्र या दिशेला जायचं तर आणखी एक जागा टाळता येणार नाही, आणि माझ्या मते टाळूही नये. ल्यूडरित्झ बंदरातलं शार्क आयलंड. आता ते बेट राहिलेलं नाही, जमिनीला जोडलेलं आहे. १९०५ ते १९०७ या काळात जर्मन वसाहती सैन्याने इथे हेरेरो आणि नामा लोकांना छावणीत डांबलं. थंडगार वारा, उपासमार, सक्तीची मजुरी. हजारोंच्या संख्येने माणसं मेली. नामांचे पुढारी कोर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या नावाची शिळा आहे. त्या काळातल्या हत्याकांडाला जर्मनीने वंशसंहार म्हणायला २०२१ उजाडलं. इतकं होऊनही नंतरच्या काळात याच जागेवर पर्यटकांना तंबू ठोकायला जागा दिली गेली. मी तिथे मुक्काम करा असं कुणालाच सांगणार नाही. जा, शिळेपाशी उभे राहा आणि परत या.

ल्यूडरित्झच्या आजूबाजूचा बहुतेक मुलूख म्हणजे श्पेरगेबीट, मराठीत सांगायचं तर ‘बंदी असलेला प्रदेश’. हिऱ्यांमुळे १९०८ पासून तो सामान्य माणसाला बंद होता. २००८ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, पण आत जायला आजही परवाना आणि अधिकृत सहल लागते. बोगेनफेल्स ही समुद्रकाठची पन्नासहून जास्त मीटर उंचीची दगडी कमान बघायची असेल तर ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. आयत्या वेळी जमत नाही.

मधला पट्टा: कातळावरची चित्रं आणि नदीपात्रातले हत्ती

डामारालँड सगळ्यात सोयीचा आहे. स्वाकोपमुंडहून इटोशाकडे जाताना तो वाटेतच येतो, त्यामुळे वेगळे दिवस काढावे लागत नाहीत, फक्त दोन रात्री वाढवाव्या लागतात. पहिल्यांदाच नामिबियात जाणाऱ्या बहुतेकांना मी हाच निवडायला सांगेन.

ट्वायफलफॉन्टेनची कातळशिल्पं २००७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, नामिबियातली ही पहिली जागा. आफ्रिकान्स भाषेत नावाचा अर्थ ‘भरवशाचा नसलेला झरा’. पण त्याच झऱ्यामुळे हजारो वर्षं शिकारी लोक इथे येत राहिले आणि तांबूस कातळावर दोन हजारांहून जास्त आकृत्या कोरून गेले. जिराफ, गेंडे, शहामृग, पावलांचे ठसे, आणि पंजांना पाच बोटं असलेला एक सिंह. सिंहाच्या ठशात चारच बोटं उमटतात हे त्या माणसांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो सिंह म्हणजे सिंहाचं रूप घेतलेला माणूस असावा असं अभ्यासक सांगतात. पुढे पेंग्विनसारखी एक आकृती दिसते आणि लक्षात येतं की समुद्र तिथून शंभरएक किलोमीटरवर आहे. कोरणारा माणूस तेवढं चालून आला होता.

इथे मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही आणि ते योग्यच आहे. बहुतेक मार्गदर्शक याच भागातले असतात. दुपारी जाऊ नका. डोक्यावर ऊन असताना कातळ सपाट दिसतो आणि अर्धी चित्रं नजरेला सापडत नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात सावली रेघांमध्ये शिरते.

ब्रँडबर्ग हा देशातला सर्वात उंच डोंगर, अडीच हजार मीटरच्या वर. त्याच्या घळीतून पाऊणएक तास चालत गेलं की ‘गोरी बाई’ म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र लागतं. ती बाई नाही आणि गोरीही नाही. युरोपातून आलेल्या अभ्यासकांना विसाव्या शतकात तसं वाटलं, नाव चिकटलं. आज ती आकृती पुरुषाची, बहुधा विधी करणाऱ्या मांत्रिकाची मानतात. चालणं अवघड नाही, पण पहाटे निघावं लागतं आणि पाणी स्वतः न्यावं लागतं. या वाटेवरचं मुख्य चित्र हे एकच आहे आणि ते पुसट होत चाललं आहे, त्यामुळे वेळ कमी असेल तर ब्रँडबर्ग सोडा आणि ट्वायफलफॉन्टेन ठेवा.

आणि हत्ती. हुआब, उगाब या नद्या वर्षातला बहुतेक काळ कोरड्या असतात, पण पात्राखाली पाणी असतं आणि त्यावर झाडं जगतात. त्या झाडांमागून हत्ती फिरतात. जात वेगळी नाही, आफ्रिकेच्या इतर भागांतलाच हत्ती. फक्त कमी पाण्यावर लांब लांब चालायला शिकलेला. इटोशात पाणवठ्यावर हत्ती आपल्यासमोर येतो, इथे त्याचा माग काढावा लागतो. दिसेलच याची हमी नाही. स्वतःची गाडी पात्रात घालू नका: वाळूत रुतण्याचा धोका आहेच, शिवाय कळपाला निसटायला तेवढीच एक वाट असते. गावकऱ्यांच्या संवर्धन क्षेत्रातून मार्गदर्शक घ्या. १९९६ च्या कायद्याने गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क मिळाला, १९९८ पासून अशी क्षेत्रं नोंदवली जाऊ लागली आणि आज ती ८० हून जास्त आहेत. रात्री मक्याच्या शेतात किंवा पाण्याच्या टाकीवर येणारा हत्ती ज्यांना सोसावा लागतो, त्यांच्या हाती तुमचे पैसे पडतात. माझ्या लेखी डामारालँड निवडायचं हे सर्वात मोठं कारण आहे.

वायव्य: एपुपा, आणि कुणाच्या तरी अंगणात जाण्याची गोष्ट

ओपुवो या गावापर्यंत डांबरी रस्त्याने जाता येतं. तिथून एपुपापर्यंत सुमारे १८० किलोमीटर खडी. कोरडा माळ तुडवून शेवटच्या उतारावर आलं की खाली कुनेने नदी दिसते: बारमाही पाणी, ताडासारखी उंच झाडं, खडकांना बिलगून उभे बाओबाब, आणि नदी अनेक धारांनी फुटून अरुंद कपारीत कोसळते. हेरेरो भाषेत एपुपा म्हणजे फेस. संध्याकाळी वरच्या टेकडीवरून बघितलं तर नाव कुणी का ठेवलं ते विचारावं लागत नाही. पाण्यात मगरी आहेत, त्यामुळे पोहायचा विचारही नको.

१९९० च्या दशकात इथे मोठं धरण बांधायचं घाटत होतं. हिंबा लोकांनी विरोध केला, कारण गुरांची कुरणं आणि पूर्वजांच्या कबरी पाण्याखाली जाणार होत्या. धबधबा आज वाहतो आहे, त्यात त्यांच्या त्या विरोधाचा वाटा आहे. त्यांना भेटायला जाताना एवढं तरी माहीत असावं.

कारण इथला खरा प्रश्न हाच आहे. बहुतेक लोक एपुपाला हिंबा बायकांचे फोटो काढायला जातात. अंगाला लोणी आणि गेरू यांचा लेप, ज्याला त्या ओटजिझे म्हणतात, आणि त्याच लेपात वळलेल्या केसांच्या बटा. फोटो सुंदर येतात, पण तेवढ्यासाठी जाणार असाल तर कृपा करून जाऊ नका. जायचं तर हिंबा भाषा बोलणारा स्थानिक वाटाड्या घ्या, तो आधी विचारून येईल, मगच वस्तीत पाऊल टाका. मुख्य झोपडी आणि गुरांचा गोठा यांच्यामध्ये पवित्र अग्नीची जागा असते. अग्नी आणि त्या झोपडीच्या मधून चालत जाऊ नका, तो पूर्वजांचा मार्ग मानतात. भेट म्हणून मुलांना गोळ्या वाटू नका. मक्याचं पीठ, साखर, तेल असा शिधा काय आणि किती न्यायचा ते वाटाड्यालाच विचारा. आणि बसा. चार प्रश्न तुम्ही विचारा, चार त्यांना विचारू द्या.

एपुपाच्या पश्चिमेला मारिएनफ्लुस दरी आहे, व्हान झिल्स पास हा घाट आहे. त्यांच्या वर्णनांना भुलू नका. तो घाट नामिबियातल्या सर्वात अवघड वाटांपैकी आहे. दोन गाड्या आणि दगडधोंड्यांत गाडी चालवायचा भरपूर सराव असल्याशिवाय तिकडे जायचं नाही. पहिल्या फेरीत तर नाहीच.

गाडी, ऋतू आणि माणूस

साध्या गाडीने ल्यूडरित्झ जमतं, कारण विंडहूकहून कीटमन्सहूपमार्गे सगळा डांबरी रस्ता आहे, आठशेहून जास्त किलोमीटर असला तरी. डामारालँडला उंच बांधणीची गाडी हवी. एपुपाला फोर बाय फोर आणि दोन स्टेपन्या. खडीवर ताशी ८० च्या पुढे जाऊ नका. अपघात बहुधा समोरच्या गाडीशी होत नाहीत, वळणावर आपलीच गाडी घसरून उलटते, आणि भाड्याच्या कित्येक करारांत अशा एकट्या गाडीच्या अपघाताचं विमासंरक्षण अपुरं असतं. अंधारात गाडी चालवणं तिन्हीकडे वर्ज्य. कुडू हरीण रस्त्यावर कधी उडी मारेल सांगता येत नाही.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ डामारालँड आणि एपुपा या दोन्हींना चांगला. जानेवारी ते मार्चमध्ये पाऊस झाला तर ओढे अचानक फुगतात आणि एपुपाची वाट तुटू शकते. उत्तरेत हिवताप आहे, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा. ल्यूडरित्झला असला काही प्रश्न नाही, पण वारा आहे. उन्हाळ्यात तो इतका जोरात वाहतो की कोल्मनस्कोपमध्ये उभं राहणं कठीण होतं. गार समुद्रामुळे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

वयस्क आई-वडील बरोबर असतील तर ल्यूडरित्झ. मुलं असतील तर डामारालँड, कारण तिथे रोज काहीतरी शोधायचं असतं. सहा दिवस, चांगली गाडी आणि घाई नसलेला जोडीदार असेल तर एपुपा, पण चार दिवसांत उरकायचा असेल तर मुळीच नको. मला स्वतःला यातली एकच जागा पुन्हा बघायला मिळणार असेल तर मी गारुबची शेड निवडेन.

एपुपा ठरवलंत तर टाकी आणि जास्तीचे कॅन ओपुवोतच भरा, रोख पैसे काढून ठेवा. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकाच किमतीचे आहेत आणि दोन्ही चालतात. परतीच्या वाटेवर पशुवैद्यकीय तपासणीचं कुंपण लागतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चं मांस नेता येत नाही, म्हणून शेकोटीवर भाजायला घेतलेलं जे असेल ते त्याच्या आदल्या रात्रीच संपवा.