चार लिटरच्या बॅचवर काही महिने काढल्यानंतर

घरी बिअर बनवण्याच्या बहुतेक रेसिपी 19 लिटरच्या, म्हणजे 5 अमेरिकन गॅलनच्या असतात. नवशिक्याला एवढं मोठं पातेलं, इतक्या बाटल्या आणि चव बिघडलीच तर इतकी बिअर ओतून देणं, तिन्ही जड जातं. म्हणून मी सुरुवातीपासून 4 लिटरच्याच बॅच करते. सामान थोडकंच: 5 लिटरची काचेची बरणी, 10 लिटरचं पातेलं, मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव) भिजवायला कापडी पिशवी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती ते दाखवणारं उपकरण) आणि 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. इतके महिने हेच वापरून माझं मत पक्कं झालंय. पद्धत उत्तम आहे, पण रेसिपीतले सगळे आकडे एकाच भागाकाराने लहान होत नाहीत.

मॉल्टचं काम सोपं. 4 भागिले 19 म्हणजे 0.21. मूळ रेसिपीत 4.2 किलो पेल (फिकट) मॉल्ट आणि 300 ग्रॅम क्रिस्टल (गडद, गोडसर मॉल्ट) असेल, तर आपल्याला साधारण 880 ग्रॅम आणि 63 ग्रॅम लागतं. त्यापेक्षा मॉल्टचं एकमेकांशी प्रमाण टक्क्यांत लिहून ठेवावं, म्हणजे पुढे बॅच 4 ची करा नाहीतर 8 ची, हिशोब तोच राहतो.

खरा घोळ पाण्यात असतो. 26 लिटर वर्ट (मॉल्ट भिजवून काढलेलं गोड पाणी) तासभर उकळून 4 लिटर उडालं, तर ती घट 15 टक्के झाली. हेच 15 टक्के धरून लहान बॅचचं पाणी काढलं की हिशोब कोसळतो, कारण वाफ किती जाणार हे पातेल्याच्या तोंडाची रुंदी आणि आच ठरवते. आत पाणी किती आहे यावर ते फारसं अवलंबून नसतं. माझ्या पातेल्यातून तासाला सुमारे दीड लिटर जातं, म्हणजे सुरुवातीच्या पाण्याच्या पाव भाग. म्हणून मी उलटं मोजत येते. बरणीत 4 लिटर हवं, पातेल्याच्या तळाच्या गाळात 400 मिली सोडायचं, वाफेचं दीड लिटर. म्हणजे उकळायला 5.9 लिटर. पिशवी पिळूनही मॉल्ट किलोमागे पाऊण लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतं, त्यामुळे एकूण 6.6 लिटर घ्यायचं. तुमचा आकडा वेगळा येणार. पहिल्या बॅचच्या आधी साधं पाणी तासभर उकळून किती कमी झालं ते मोजा. या पद्धतीत याहून उपयोगी दुसरं काहीही नाही.

आणि कमी पडलंच तरी घाबरायचं कारण नाही. 1.048 ग्रॅव्हिटीचं (ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता) 4 लिटर हवं होतं आणि हाती 3 लिटर आलं, तर ते 1.064 चं असतं. साखर तेवढीच, पाणी कमी. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घातलं की पुन्हा 1.048.

वाफ वाचवायला मी बऱ्याचदा अर्धा तासच उकळते (पिल्सनर हा खूप फिकट मॉल्ट असेल तर मात्र पूर्ण तास). मग कडवटपणाचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वाढवावे लागतात. हॉप्समधून किती कडवटपणा उतरेल हे काढणाऱ्या टिन्सेथ यांच्या सूत्राने 30 मिनिटांत 60 मिनिटांच्या सुमारे 77 टक्के कडवटपणा उतरतो, म्हणून तासाच्या उकळीला 6.3 ग्रॅम लागत असतील, तर त्याजागी 8.2 ग्रॅम. इथे 1 ग्रॅमची चूक मोठ्या बॅचमधल्या जवळपास 5 ग्रॅमएवढी असते, तेव्हा स्वयंपाकघरातला ग्रॅमवर थांबणारा काटा चालत नाही. हॉप्सच्या पाकिटावरचं अल्फा आम्लाचं (कडवटपणा यातूनच येतो) प्रमाणही दर वेळी बघावं. आच बंद करताना घातलेल्या हॉप्सचं गणित आणखी निराळं. वर्ट साधारण 80 अंशांच्या वर असेपर्यंत त्यांतून कडवटपणा उतरत राहतो. मोठं पातेलं निवायला वेळ घेतं, माझं बर्फाच्या पाण्यात भराभर निवतं. त्यामुळे तीच रेसिपी लहान बॅचमध्ये थोडी सौम्य लागते. मला ते आवडतं. ज्यांना नको, त्यांनी थंड करण्याआधी दहा मिनिटं थांबावं.

कोरड्या एल यीस्टचं (एल म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ आंबणारी बिअर) 11 ग्रॅमचं पाकीट 20 लिटरच्या आसपासच्या बॅचसाठी असतं. 4 लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम पुरतं. अख्खं पाकीट टाकल्याने बिअर वाया जात नाही, पण गव्हाच्या किंवा बेल्जियन बिअरमध्ये फळांसारखा जो वास यीस्टमधून येतो, तो अशाने फिका पडू शकतो. उरलेलं पाकीट हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवते आणि आठवड्याच्या आत पुढची बॅच लावते.

बुडबुड्यांसाठी बाटलीत घालायच्या साखरेबद्दल कळकळीने सांगते: ती रेसिपीवरून मोजू नका, बाटल्यांत प्रत्यक्ष जाणाऱ्या बिअरवरून मोजा. 4 लिटरपैकी गाळ आणि हायड्रोमीटरचे नमुने वजा जाता 3.6 लिटरच उरतं. लिटरमागे 4 ग्रॅम साखरेतून साधारण एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्याच आकारमानाएवढा, कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि 20 अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये 0.85 आधीच असतो. लिटरला 6 ग्रॅम धरले की 2.4 च्या आसपास येतं, जे पेल एलला छान. म्हणजे 22 ग्रॅम साखर. मूळ रेसिपीतले 120 ग्रॅम चुकून तसेच पडले तर बाटल्या फुटतील, आणि फुटणारी काच जीवघेणी असते.

हायड्रोमीटरचा नमुना 100 मिलीचा. तीनदा घेतला की जवळजवळ एक बाटली गेली. रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) चार थेंब पुरतात, पण आंबणं सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे त्याचं वाचन चुकतं, दुरुस्तीचं गणित करावंच लागतं.

लहान बरणी स्वतःच्या आंबण्याने फारशी तापत नाही, मात्र खोलीचं तापमान लगेच पकडते. पाण्याच्या टबात ठेवल्यावर चढउतार बरेच कमी झाले. 25 लिटरच्या बादलीत 4 लिटर आंबवण्याचा मोह टाळावा, वरची मोकळी हवा बिअरला शिळी चव आणते. 5 लिटरच्या बरणीत फेस वर येतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न येऊ देणारं झाकण) नळी लावून तिचं टोक पाण्यात सोडते.

कष्ट मात्र पाचपट कमी होत नाहीत. निर्जंतुक करणं, मॉल्ट भिजवणं, उकळणं, धुणं यांत तोच अर्धा दिवस जातो आणि हाती 330 मिलीच्या दहा-अकरा बाटल्या येतात. ज्यांना फक्त भरपूर बिअर हवी आहे त्यांना हे परवडणार नाही. पण एकाच मॉल्टवर दोन वेगळे हॉप्स, किंवा एकाच वर्टवर दोन यीस्ट शेजारी शेजारी चाखून जे समजतं, ते 19 लिटर संपेपर्यंत वाट बघून समजलं नसतं.

आवडलेली रेसिपी मोठी करताना मी फक्त तीन गोष्टी जशाच्या तशा नेते: मॉल्टचे टक्के, सुरुवातीची ग्रॅव्हिटी आणि कडवटपणाचा आकडा. पाणी आणि शेवटचे हॉप्स त्या पातेल्यासाठी नव्याने काढते, यीस्ट आणि साखर त्या बॅचच्या लिटरवर.