१० दिवस बिनबोलता: इगतपुरीचं धम्मगिरी

मागच्या महिन्यात धम्मगिरीच्या ध्यानकेंद्रात विपश्यना ध्यानाचा १० दिवसांचा कोर्स केला, नाशिकहून ट्रेनने इगतपुरी गाठलं. फी नाही, राहणं जेवण सगळं दानावर चालतं. मोबाईल सुरुवातीलाच जमा, तरी पहिले दोन-तीन दिवस माझा हात सारखा पायजम्याच्या खिशात जायचा, रिकामा खिसा चाचपून परत बाहेर, स्वतःचंच हसू यायचं पण सांगणार कोणाला, मौन ना! पहाटे ४ ला घंटा, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला पहिल्यांदा कोर्स करणाऱ्यांना चहा आणि फळं, बस. डोळे मिटले की मिसळीची तर्री दिसायची (नाशिककर म्हटल्यावर चालायचंच).

गेलो होतो मन एकदम शांत होईल म्हणून, आणि झालं भलतंच. पहिले ३ दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून खरी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघायच्या, त्यात दिवसातून तीनदा तासभर हलायचं नाही, गुडघा असा ठणकला की पळून जावंसं वाटलं. सहाव्या दिवशी कधीतरी 'शांत व्हायचंय' हेच डोक्यातून निघून गेलं आणि बसणं जरा सोपं झालं, का ते नाही सांगता येत. राग कमी झाला का ते बायकोला विचारा. फोन मात्र आता रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो.

सुट्टी जायचा-यायचा दिवस धरून १२ दिवसांची टाका, आणि पावसाळ्यात गेलात तर छत्री विसरू नका.