रिमांमागचे पेढे: साखर सोडवणाऱ्या बारा आठवड्यांचा हिशेब

कराडला माझा छापखाना आहे. निम्मा धंदा लग्नपत्रिकांचा. पत्रिका टाकायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मजकुराचा कागद, कुलदैवताचा फोटो आणि पेढ्यांचा पुडा. प्रूफ बघायला आला की आणखी एक पुडा, गठ्ठे न्यायला आला की तिसरा. लग्नसराईत टेबलावर दिवसाला तीन-चार पुडे पडायचे. मशीनवरच्या पोरांना दोन-दोन वाटायचे आणि उरलेले घरी न्यायचे, असा रिवाज. उरलेले घरी पोचत नव्हते. कटिंग मशीनच्या पलीकडे आर्टपेपरच्या रिमा रचलेल्या असतात, त्यांच्या मागे जायचे.

२०२४ च्या दिवाळीत पोरगी पुण्याहून आली. कॅलेंडरांची घाई होती म्हणून दोन दिवस प्रेसवर बसली. रिमा सरकवताना तिला सात रिकामे पुडे सापडले. तेव्हा काही बोलली नाही. डिसेंबरात मला हाताला धरून लॅबमध्ये नेलं. एचबीए१सी ६.२. ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून फसवता येत नाही. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टर म्हणाले. मी उंबरठ्यावर उभा नव्हतो, एक पाय आत टाकला होता.

मग पोरीने मला न विचारता एका ऑनलाइन कार्यक्रमात नाव घातलं. बारा आठवडे, ६,९९९ रुपये, "साखरेच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी सोबत आणि कोचिंग". कार्यक्रमाचं नाव इथे देत नाही. पुढे तक्रारी येणार आहेत आणि ती माणसं काही लबाड नाहीत.

त्या पैशात मिळतं काय? दर रविवारी सकाळी तासभर व्हिडिओवर सगळ्यांची बैठक (आम्ही चौदा जण होतो), पंधरा दिवसांतून एकदा कोच मॅडमशी वीस मिनिटं एकट्याने बोलणं, एक व्हॉट्सॅप ग्रुप, ॲपवर रोज भरायचा एक तक्ता आणि एक जोडीदार. जोडीदार म्हणजे चौदांतलाच दुसरा कुणीतरी, ज्याला रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि आज काय खाल्लं ते सांगायचं. मला अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला प्रेसवाले म्हणतात.

खरं सांगायचं तर "व्यसन" हा शब्द मला टोचला. माझ्या मोठ्या भावाची दारू मुक्तांगणमध्ये सुटली. त्याने काय काय भोगलं ते मी जवळून बघितलंय. त्याच्यापुढे पेढ्यांना व्यसन म्हणायची मला लाज वाटत होती. तरी एका रात्री फोन करून सांगितलं. दादा पोट धरून हसला. मग म्हणाला, "एक सांग, लपवून खातोस का?" मी म्हटलं, हो. "मोजून सांगतोस का?" म्हटलं, नाही. "मग जा गप त्या क्लासला."

५ जानेवारीच्या पहिल्या रविवारी मॅडमनी एक प्रश्नावली भरून घेतली. अमेरिकेत येल विद्यापीठात २००९ साली तयार झालेली, पंचवीस प्रश्नांची. नंतर पोरीने सांगितलं की ती एकट्या साखरेची नाही, एकूण खाण्याची आहे. असेना. त्यातला "ठरवल्यापेक्षा जास्त खाता का" हा प्रश्न वाचूनच मला घाम फुटला होता.

दुसरं काम मोजायचं. आमच्याकडे शाई मोजायचा छोटा डिजिटल काटा आहे. त्यावर घरचा चहाचा चमचा जसा भरतो तसा भरून ठेवला. साडेपाच ग्रॅम. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे. पेढा धरायच्या आधीच ६६ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम, आणि पंचवीसपर्यंत आणलीत तर आणखी बरं. तो आकडा बघून मी काटा पुसला आणि परत मोजलं. साडेपाचच.

इथे मॅडमना पूर्ण गुण. गूळ, मध, काकवी, डब्यातला फळांचा रस, सगळं एकाच खात्यावर मांडायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावलं. ग्रुपमधले निम्मे लोक "आम्ही गुळाचा चहा घेतो" म्हणून निवांत होते. माझ्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ आहे. त्याला हे सांगितलं तर तो चार दिवस बोलला नाही. अख्खं फळ मात्र चालतं, दूध चालतं, त्यांची साखर ह्या हिशेबात धरत नाहीत.

पहिल्या आठवड्यात डोकं असं दुखलं की दोन पत्रिकांवर वराच्या जागी वधूचं नाव छापून बसलो. ग्रुपवर मॅडमचा संदेश: "हे साखरेचं विथड्रॉवल आहे, शरीर शुद्ध होतंय." विथड्रॉवल म्हणजे सवय तोडल्यावर होणारा त्रास. आमचे डॉक्टर म्हणाले, चहा किती कमी केलास? सहावरून दोन. "मग ते कॅफिनचं आहे. चहा एकदम तोडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं धरतं, आठवड्यात जातं. तीन कप घे, बिनसाखरेचा." घेतला, आणि डोकं उतरलं. एवढी साधी गोष्ट पैसे घेऊन शिकवणाऱ्याला माहीत असायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी पडद्यावर एक चित्र आलं: साखर कोकेनपेक्षा आठपट व्यसनी. मला आठपट हा शब्द खटकला. आठपट कशात मोजलं? पोरीने शोधून वाचून दाखवलं. प्रिन्स्टन विद्यापीठातले उंदरांवरचे प्रयोग आहेत. उंदरांना बारा तास उपाशी ठेवायचं आणि मग बारा तास खाण्याबरोबर साखरेचं पाणी द्यायचं. ते उंदीर पाण्यावर तुटून पडायला लागले, व्यसनासारखी लक्षणं दाखवायला लागले. पण ज्यांच्यापुढे साखरेचं पाणी दिवसभर ठेवलेलं होतं ते तसे वागले नाहीत. माणसांच्या बाबतीत शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत "साखरेचं व्यसन" असा आजारच नाही.

म्हणजे चित्र फुगवलेलं होतं. पण ते उंदीर माझ्या डोक्यातून जाईनात. तक्त्यात खाल्ल्याची वेळ आणि जागा लिहायची असते, उष्मांक नाही. तो भरताना लक्षात आलं, कार्यक्रमाआधीचे माझे सगळे पेढे चार ते सहाच्या मधलेच असायचे. आणि डबा? हंगामात डबा उघडायला साडेतीन वाजतात, बऱ्याचदा उघडतच नाही. सकाळच्या पोह्यांनंतर थेट पेढा. उपाशी ठेवायचं, मग साखर द्यायची. तो प्रयोग मी स्वतःवर वीस वर्षं करत होतो. मॅडमनी तक्ता बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "पेढ्यांचं नंतर बघू. पंधरा दिवस डबा एक वाजता खा. भाकरी, उसळ, ताक, पोटभर." ६,९९९ पैकी तीन हजार मी ह्या एका वाक्याचे धरतो. एक वाजता मशीन बंद करायला पोरं कुरकुरली, आता तीच आधी हात धुऊन बसतात.

उरलेले पैसे चारच्या फोनचे.

बरोबर चारला बाईंचा फोन. "काय खाऊन राह्यले, प्रेसवाले?" आरडाओरडा नाही, उपदेश नाही. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला आवाज. संक्रांत दुसऱ्याच आठवड्यात आली. दिवसभर लोक तिळगूळ घेऊन येणार, नाही म्हणायचं कसं? बाई म्हणाल्या, घ्यायचा, एक खायचा, बाकीचे मशीनवरच्या पोरांच्या हातात. आणि पुडा आला की टेबलावरच फोडायचा, सगळ्यांदेखत. माझ्या बाबतीत गोडापेक्षा रिमांची आडोशाची जागा जास्त घातक होती, हे त्या माऊलीला अकोल्यात बसून कळलं. त्या जागेवर आता शाईचे डबे आहेत.

बाई स्वतः मधुमेहाची गोळी घेतात. त्यांच्याबाबत मॅडमनी डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय सुरूच करू दिलं नाही, आणि ते योग्यच केलं. काही गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाने गोड आणि जेवण एकदम कमी केलं तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. बाईंची गोळी डॉक्टरांनी कमी केली, आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवायला लावली. साखर सोडणाऱ्या बाईच्या पर्समध्ये ग्लुकोज, ह्यावर आमचे बरेच विनोद झाले.

आता भांडणाचा भाग. पाचव्या आठवड्यात ग्रुपवर एक डबा आला. "क्रेव्हिंग शांत करणारी पावडर, साखरविरहित, १,४९९ रुपये, सदस्यांना सवलत." सहा-सात जणांनी लगेच मागवली. मीही. मी लेबलं छापतो. गिऱ्हाईक पुढची बाजू बघतं, मला मागची सवय आहे, सहा पॉइंटाच्या बारीक अक्षरातली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे मला धंद्यामुळे पाठ आहे. दुसऱ्याच क्रमांकाला माल्टोडेक्स्ट्रिन. स्टार्च फोडून केलेली ही भुकटी चवीला फारशी गोड नसते, पण रक्तातली साखर चढवायला साखरेला हार जात नाही. पुढे "साखर नाही" असं लिहिलेलं खोटं नव्हतं, एवढंच. मी ग्रुपवर मागच्या बाजूचा फोटो टाकला. दहा मिनिटांत तो काढला गेला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. वरून विकायला सांगतात, त्या म्हणाल्या, आवाज पडलेला होता. मला राग धरता आला नाही. पण डब्याचे पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

दुसरी तक्रार त्या "स्ट्रीक"ची. तक्त्यात वर एक आकडा असतो, किती दिवस सलग गोड नाही त्याचा. (संक्रांतीचा एक तिळगूळ मॅडमनी माफ केला होता.) एक घास चुकला की शून्य, आणि ते शून्य चौदा जणांना दिसतं. १६ फेब्रुवारीला भाचीचा साखरपुडा. नावातच साखर. मामा म्हणून मी मांडवात उभा, हातात जिलेबीची ताटली. एक खाल्ली, मग मोजली नाहीत. रात्री तक्त्यात शून्य लिहायला गेलो तर बोट पुढे सरकेना. बेचाळीस दिवस पुसायचे? त्रेचाळीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. बाईंना फोनवर म्हटलं, सगळं ठीक.

दादाचा "लपवून खातोस का" हा प्रश्न मग रात्री झोपू देईना. आधी पेढे रिमांमागे होते, आता आकड्यामागे. बुधवारी चारला बाईंना सांगून टाकलं. पलीकडे शांतता. मग हसू. "मी गेल्या गुरुवारी वाटीभर शिरा खाल्ला. मीबी नाही सांगतलं." दोघांनी एकाच वेळी शून्य टाकलं. त्या रात्री ग्रुपमधल्या आणखी तिघांचे आकडे शून्यावर आले. मॅडमना मी सुचवलं की तो आकडा काढा, माणसाला खोटं बोलायला लावतो. म्हणाल्या, ॲपमध्ये तशी सोय नाही.

आमच्या चौदांपैकी शेवटपर्यंत नऊ जण टिकले. माझा मार्चअखेरचा एचबीए१सी ५.८. उंबरठ्यावर आहे अजून, पण पाय बाहेर काढलाय. वजन साडेतीन किलो उतरलं. डॉक्टर म्हणतात ह्यात डब्याच्या वेळेचाही हात आहे आणि रोज संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाण्याचाही. कार्यक्रमवाल्यांनी रिपोर्ट जाहिरातीत वापरू का विचारलं. नाही म्हटलं.

पाचापैकी तीन तारे. मॅडमचे एकट्याने बोलण्याचे तास आणि जोडीदार ह्यांचे पाच. पावडर, आठपट कोकेन आणि ते शून्य ह्यांचा एक. ज्यांना पैसे जड आहेत त्यांनी आधी हे बघावं: ओव्हरईटर्स ॲनॉनिमस नावाची संघटना १९६० पासून आहे, लॉस एंजलिसला सुरू झाली, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखीच (ए.ए.) बारा पायऱ्यांची. फी नाही. ऑनलाइन आणि फोनवरच्या बैठका असतात, अनुभवी सदस्य नव्याला सोबत करतो. पावडरही नाही. मला हे दादाने सांगितलं, पण पोरीने पैसे भरल्यावर. आणि ज्यांना खाऊन मुद्दाम उलटी काढायची सवय आहे, किंवा जेवणच सुटत चाललंय, त्यांनी असल्या कोचच्या नादी न लागता सरळ डॉक्टर गाठावा.

कार्यक्रम २३ मार्चला संपला. पुढच्या टप्प्याचे ४,९९९ मी भरले नाहीत. पुढचा रविवार, ३० तारीख, पाडव्याचा. सकाळी गुढीला कडुनिंबाशेजारी साखरगाठी बांधली. चारला फोन वाजला.

"गाठीचे किती तुकडे खाल्ले, प्रेसवाले?"

"एक."

"खरं?"

"दोन."