फेडरल न्यायाधीशांची चरित्रसूची: गोव्यातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कशी वाचावी

अमेरिकेच्या फेडरल न्यायाधीशावर प्रोजेक्ट करायचा असेल, तर मिरामार किंवा मडगावच्या लॉ कॉलेजातल्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी फेडरल ज्युडिशियल सेंटर या तिथल्या न्यायालयांच्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरची चरित्रसूची उघडावी. १७८९पासून नेमलेले ‘आर्टिकल थ्री’ न्यायाधीश, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी निवडलेले, सिनेटने मंजूर केलेले आणि वर्तन चांगलं असेतो पदावर राहणारे, तिथे सापडतात. पैसे लागत नाहीत, नोंदणीही नाही. आपल्याकडे पर्वरीच्या खंडपीठाखालच्या एखाद्या न्यायाधीशाची कारकीर्द जुळवायची तर राजपत्राचे जुने अंक चाळावे लागतात. या सूचीत तेच काम दोन मिनिटांत होतं.

मात्र ‘डिस्ट्रिक्ट जज’ हा शब्द फसवतो. गोव्यातला जिल्हा न्यायाधीश खालच्या न्यायालयांच्या निकालांवरची अपिलंही ऐकतो आणि साठीला निवृत्त होतो. अमेरिकेतला डिस्ट्रिक्ट जज हा मुळात खटला चालवणारा, आणि त्याला निवृत्तीचं वय नाही. अशी ९४ कोर्टं आहेत. त्यातल्या ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना इथल्या न्यायाधीशांची मुदत दहा वर्षांची असते, म्हणून ते या सूचीत नाहीत. मॅजिस्ट्रेट जज आणि दिवाळखोरीचे न्यायाधीशही नाहीत. नाव मिळत नसेल तर आधी हे तपासा.

नोंद कशी वाचायची ते कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्या पानावर चांगलं कळतं. न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये त्यांचं नामांकन जानेवारी १९६६मध्ये झालं, मंजुरी ऑगस्टमध्ये. फेडरल न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. मधले सात महिने सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड, यांच्या विरोधामुळे गेले. मोटलींनीच वकील म्हणून जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला, तोवर फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला होता. हे कारण नोंदीत मिळत नाही, फक्त तारखांमधलं अंतर दिसतं. म्हणून नामांकन आणि मंजुरी यांच्यात मोठं अंतर दिसलं की त्या काळची वर्तमानपत्रं काढायची. पुढे १९८२ ते १९८६ त्या मुख्य न्यायाधीश होत्या. हे पद ज्येष्ठतेनुसार मिळतं आणि प्रशासकीय आहे, त्याला बढती म्हणू नका.

सगळ्यात जास्त चुका ‘सीनियर स्टेटस’ या ओळीवर होतात. पासष्टाव्या वर्षी पंधरा वर्षांची सेवा असेल, किंवा वय जसं वाढेल तशी सेवेची अट कमी होत सत्तराव्या वर्षी दहा वर्षांची, तर न्यायाधीश हा दर्जा घेऊ शकतो. त्याची जागा रिकामी होते, राष्ट्राध्यक्ष तिथे नवा माणूस नेमतात, पण तो स्वतः हलकं काम घेऊन खटले चालवत राहू शकतो. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन १९६२मध्ये आले, १९७९मध्ये सीनियर झाले आणि जानेवारी २०१२मध्ये १०४व्या वर्षी वारले तेव्हाही न्यायाधीशच होते. १९७९ ही निवृत्ती धरली तर बत्तीस वर्षांचं काम हिशेबातून गळतं. सेवा खरी कधी संपली ते ‘टर्मिनेशन’च्या रकान्यात पाहायचं. तिथे मृत्यू, निवृत्ती, राजीनामा, दुसऱ्या न्यायपदावर नेमणूक अशी कारणं वेगळी लिहिलेली असतात.

आकडेवारी काढायची असेल तर पूर्ण सूची सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येते. एका न्यायाधीशाची एकच ओळ, आणि दुसरं कोर्ट, तिसरं कोर्ट असं उजवीकडे वाढत जातं. अमूल थापर यांची केंटकीतली २००७मध्ये सिनेटने मंजूर केलेली नेमणूक आणि २०१७ची सिक्स्थ सर्किट या अपील कोर्टातली, दोन्ही एकाच ओळीत आहेत. फक्त पहिला रकाना मोजलात तर अपील कोर्टातले बरेच न्यायाधीश सुटतील. फाइलवर थेट डबल-क्लिक करू नका. एक्सेल १९००आधीच्या तारखा तारीख म्हणून ओळखत नाही, त्या मजकूर म्हणून राहतात आणि चढत्या क्रमाने लावल्यावर १७८९चे न्यायाधीश आजच्यांच्या खाली जाऊन बसतात. डेटा मेनूतून आयात करा, तारखांचे रकाने मजकूर ठेवा आणि वर्ष वेगळ्या रकान्यात काढा. मोबाइलवर हे जमत नाही. लॅपटॉप नसेल तर पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसा.

माझ्या मते पाचपैकी चार गुण. एक गुण जातो तो निकालांचा, कारण न्यायाधीशाने कोर्टात काय केलं ते इथे नाही. त्यासाठी पेसर ही फेडरल कोर्टांची कागदपत्रं ऑनलाइन देणारी सशुल्क सेवा आहे. पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर, आणि तिमाहीत तीस डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ. न्यायालयाचे लेखी निकाल तिथे फुकट मिळतात. नावाने शोधलेल्या याद्यांना आणि सुनावणीच्या शब्दशः प्रतींना मात्र तीन डॉलरची मर्यादा लागू नाही. लांबलेल्या खटल्याची एक प्रत उतरवली की तीस डॉलर एका बैठकीत संपू शकतात. म्हणून आधी कोर्टलिसनर या संकेतस्थळावर पाहा. पेसरवरून इतरांनी उतरवलेली पुष्कळ कागदपत्रं तिथे मोफत पडलेली असतात.